खाटेपाशी उभा असलेला विद्यार्थी

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सकाळच्या राउंडची वेळ झाली की जनरल वॉर्डातले दृश्य ठरलेले असते. खाटेवर रुग्ण, उशापाशी प्राध्यापक, त्यांच्या मागे पदव्युत्तर निवासी डॉक्टर, हातात फायली घेतलेले इंटर्न आणि सर्वांत मागे गळ्यात नवा स्टेथोस्कोप अडकवलेले विद्यार्थी. रुग्णाच्या पोटावर एकामागून एक हात पडतात. यकृत किती बोटे वाढले आहे, प्लीहा हाताला लागते का, याची चर्चा इंग्रजीत चालते. रुग्ण प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. यातला आपला डॉक्टर कोण, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. आणि यातले कित्येकजण अजून डॉक्टर झालेलेच नाहीत, हेही नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाची चर्चा राज्यात होते ती एखादा भडका उडाल्यावर. २०२५ च्या जूनमध्ये गोमेकॉच्या अपघात विभागात आरोग्यमंत्र्यांनी एका वरिष्ठ डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर खडसावले आणि जागच्या जागी निलंबनाचा आदेश दिला, तेव्हा लोकमत दोन तटांत विभागले गेले. रुग्णाशी उद्धटपणे वागल्याची तक्रार एका बाजूला होती. अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलेल्या विभागात तातडीचे नसलेले इंजेक्शन द्यावे काय, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला होता. डॉक्टर निषेधासाठी एकत्र आले, निलंबन होणार नाही असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटले. मिटले ते प्रशासनापुरते. ती चित्रफीत राज्यातील जवळजवळ प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पोचली असणार. रुग्णाशी कसे बोलावे याचा धडा त्यातून कोणी घेतला, की कॅमेरा आणि मंत्री यांच्यापासून स्वतःला कसे वाचवावे याचा, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण डॉक्टरचे वागणे पदवी मिळाल्यानंतर घडत नाही. ते वॉर्डात घडते, बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत घडते, रात्रीच्या ड्युटीवर घडते. आणि घडते तेव्हा ज्याचे ते घडत असते तो विद्यार्थी कायद्याच्या एका चमत्कारिक पोकळीत उभा असतो.

व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार आणि नीतिमत्ता यांविषयीची २००२ ची नियमावली नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तात्पुरती नोंदणी मिळते आणि बारा महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप सुरू होते. इंटर्नने देखरेखीखालीच काम करायचे, मृत्यूचा दाखला किंवा पोलिसी प्रकरणातील कागद स्वतःच्या सहीने द्यायचा नाही, अशी बंधने त्याच्यावर आहेत. म्हणजे इंटर्नला निदान एक चौकट आहे. त्याआधीची वर्षे विद्यार्थी रुग्णाला हात लावतो, त्याचा इतिहास लिहून घेतो, त्याचे एक्स-रे पाहतो, प्रसूतिकक्षात उभा राहतो, परंतु वैद्यकीय परिषदेच्या लेखी तो कोणी नसतो. त्याच्या हातून गोपनीयतेचा भंग झाला तर तो महाविद्यालयाच्या शिस्तीचा विषय ठरतो. वर्गात गोंधळ घातल्यासारखा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांसाठी नवी नियमावली अधिसूचित केली. समाजमाध्यमांवर काय टाकावे आणि काय टाळावे, याचीही मार्गदर्शक सूत्रे त्यात होती. जेनेरिक औषधेच लिहून देण्याच्या सक्तीवरून गदारोळ उठला आणि तीन आठवड्यांच्या आत ती संपूर्ण नियमावली स्थगित झाली. जुनीच पुन्हा लागू झाली, आणि जुनी लिहिली गेली तेव्हा हातातल्या फोनमध्ये कॅमेरा नव्हता. आयोगाच्या नीतिमत्ता आणि वैद्यकीय नोंदणी मंडळाने विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक जबाबदाऱ्यांविषयी एक स्वतंत्र मार्गदर्शिकाही काढली आहे. नीटनेटका वेश, रुग्ण आणि सहकारी यांच्याशी आदराचे वर्तन, गोपनीयता, व्यसनांपासून दूर राहणे, समाजमाध्यमांवर संयम, स्थानिक भाषा शिकणे असे सर्व त्यात आहे. त्यातल्या एकाही गोष्टीला कोणी हरकत घेणार नाही. पण ती मार्गदर्शिका आहे, नियम नव्हे. आणि वॉर्डात पाय ठेवण्यापूर्वी किती विद्यार्थ्यांनी ती वाचलेली असते, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाला आहे.

शिकाऊ डॉक्टरच्या जबाबदारीचा प्रश्न नवा नाही. आधुनिक वैद्यकशास्त्राच्या इतिहासात तो पहिल्यांदा ठळकपणे समोर आला तो एकोणिसाव्या शतकात, व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात. तेथे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ११ टक्क्यांवर होते, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. शहरातील बायकांना हा फरक ठाऊक होता आणि पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या विनवण्या करीत. पुढच्या वर्षी इग्नाझ सेमेलवाइस यांचे एक सहकारी शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या देहावर तीच लक्षणे आढळली. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिकक्षात येत होते. मृत्यू त्यांच्या हातांवरून येत होता. मे १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले.

या कथेत सेमेलवाइस यांचे नाव राहिले, ते योग्यच आहे. पण त्यातले विद्यार्थी निष्काळजी नव्हते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ते अभ्यासू होते. जास्त शवविच्छेदने करणारा विद्यार्थी अधिक कष्टाळू समजला जाई, आणि त्याच्याच हातून अधिक स्त्रिया दगावण्याचा संभव होता. शिकणाऱ्याचे हित आणि रुग्णाचे हित एका दिशेला असतेच असे नाही, आणि दोहोंमध्ये अंतर पडले की ते शिकणाऱ्याला सर्वांत शेवटी दिसते. व्हिएन्नाच्या मृत्यूंना ज्ञानाचा अभाव तरी कारण होता. आज हात धुवायला हवेत हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना तो हात धुतो की नाही, हे मात्र पुढे चालणारा वरिष्ठ धुतो की नाही, यावर ठरते.

बेजबाबदारपणाची लक्षणे विद्यार्थिदशेतच दिसतात काय, याचे उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासाने दिले आहे. मॅक्झिन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या, आणि पुढे राज्य वैद्यक मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि त्या ४६९ इतर डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. विद्यार्थी असताना ज्यांच्या वर्तनाविषयी तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, त्यांच्यावर पुढे कारवाई होण्याची शक्यता तिपटीने अधिक होती. सर्वांत ठळक संबंध आढळला तो गंभीर बेजबाबदारपणाचा. क्लिनिकला न येणे, आपल्याकडे दिलेल्या रुग्णाचा पाठपुरावा न करणे, अशा गोष्टी त्यात मोडत होत्या. चोरी नाही, मारहाण नाही. ज्याला आपल्याकडे ‘थोडा आळशी आहे, पण हुशार आहे’ म्हणून सोडून दिले जाते, तेच.

आपल्याकडे अनुपस्थिती हा आळसाचा प्रश्न उरलेला नाही, तो व्यवस्थेचा भाग झाला आहे. नियमांनुसार लेखी विषयांसाठी ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व क्लिनिकल कामासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. कागदावर ती भरते. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षापासूनच पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची छाया पडू लागते आणि इंटर्नशिपमध्ये ती पूर्ण अंगावर येते. बहुपर्यायी प्रश्नांच्या त्या परीक्षेत किती रुग्ण पाहिले, याला एकही गुण नाही. वॉर्डात उभे राहून धडधडत्या छातीचा आवाज ऐकण्यापेक्षा ग्रंथालयात बसून हजार प्रश्न सोडवणे फायद्याचे, हा हिशेब एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कोणालाही पटतो. मग एकाच्या जागी दुसऱ्याने सही करावी, लॉगबुकातील महिन्याभराच्या नोंदी एका संध्याकाळी भराव्यात, वरिष्ठाने त्यावर न पाहता सही करावी, ही रीत देशभर सर्वांच्या परिचयाची होते. केलेल्या कामाची खोटी नोंद ही डॉक्टरी पेशातील गंभीर चूक आहे. तिचा सराव लॉगबुकापासून सुरू होतो, आणि तो वरिष्ठांच्या सहीने होतो.

पदवीची अंतिम परीक्षा, परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या तिन्हींसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा घेण्याचा आयोगाचा मनोदय होता. तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिक कौशल्ये तपासली जाणार होती. जून २०२३ मध्ये त्याचे नियम आले, जुलैत ती परीक्षा पुढे ढकलली गेली. ती परीक्षा सर्व दुखण्यांवर औषध ठरली असती असे नाही. परंतु रुग्णापाशी घालवलेला वेळ गुणपत्रिकेत कोठेतरी दिसावा, ही त्यामागची भूमिका चुकीची नव्हती.

खाटेवर झोपलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये रुग्णाची संमती म्हणजे काय, हे स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून मग घेतलेली संमती, आणि एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीसाठी चालत नाही. हा निकाल उपचारांविषयी आहे. शिकण्यासाठी केलेल्या तपासणीचे काय? उपचारासाठी प्राध्यापकांनी एकदा पोट तपासणे पुरेसे असते. त्यानंतर पडणारे आठ हात उपचाराचा भाग नसतात, ते शिक्षणाचा भाग असतात. इस्पितळात दाखल होताना रुग्ण ज्या छापील कागदावर सही किंवा अंगठा करतो, त्याने या आठ हातांनाही होकार दिला, असे मानून सगळे चालते.

स्त्रीरोग विभागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. भूल दिलेल्या स्त्रीची योनिमार्गातील तपासणी विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी करावी का, यावर अमेरिकेत वीस वर्षे वाद चालला. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये पूर्वसंमतीशिवाय अशा तपासणीला कायद्याने मनाई केली, इतर अनेक राज्ये मागोमाग गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथील केंद्रीय आरोग्य खात्याने इस्पितळांना लेखी संमती बंधनकारक केली. तिथल्या विद्यार्थ्यांपैकीच काहीजणांनी हा विषय लावून धरला होता, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी बाब. वरिष्ठाने सांगितले म्हणून हात पुढे करायचा, की आधी विचारायचे, हा निर्णय शेवटी त्यांच्याच हातात होता.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय-शल्य शाळेचा वारसा सांगणारे हे महाविद्यालय, गंभीर आजाराच्या गरीब रुग्णासाठी राज्यातला शेवटचा थांबा आहे. काणकोण असो की पेडणे, जिल्हा इस्पितळातून पुढे पाठवलेला रुग्ण बांबोळीलाच येतो. सीमेपलीकडून दोडामार्ग, सावंतवाडी आणि कारवारचेही येतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो खासगी इस्पितळात जातो आणि तेथे त्याच्या पोटावर आठ हात पडत नाहीत. म्हणजे राज्यातील पुढच्या पिढीचे डॉक्टर, श्रीमंतांवर उपचार करणारेही, ज्यांच्या देहावर शिकतात ते बहुतांशी असे लोक आहेत ज्यांना नाही म्हणण्याची सोय नाही. ‘नको म्हटले तर औषध बंद करतील’ ही भीती निराधार असेलही. पण ती निराधार आहे असे त्यांना कोणी सांगायला हवे. आणि बहुतेक रुग्ण विचारल्यावर हो म्हणतात. आपल्यामुळे कोणी शिकत असेल तर शिकू दे, इतके औदार्य वॉर्डात भरपूर असते. त्यासाठी विद्यार्थ्याने आपले नाव सांगावे, आपण अजून शिकतो आहोत हे सांगावे, पडदा ओढावा आणि विचारावे. या सगळ्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागत नाही.

विचारायचे तर भाषा हवी, आणि येथे गोव्याची कोंडी आणखी घट्ट होते. अखिल भारतीय कोट्यातून येणारा विद्यार्थी कोकणी वा मराठी जाणत असेलच असे नाही. पदवीच्या आरंभीच्या पायाभरणी अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचा समावेश आहे, पण त्या काही दिवसांत फार तर नाव, गाव, वय विचारण्याइतके येते. आजार मात्र लोक वेगळ्याच शब्दांत सांगतात. ‘म्हाका जोर आयला’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला ताप आहे. शब्दशः ऐकणाऱ्याला तो ताकद आल्याचे सांगतो आहे असे वाटेल. उन्हाळी लागली म्हणणाऱ्याला उन्हाचा त्रास नाही, लघवीला जळजळ होते. अंगावर पांढरे जाते असे एखादी बाई खालच्या आवाजात सांगते तेव्हा तिने किती संकोच गिळून ते सांगितले आहे, हे ओळखायला शब्दकोश पुरत नाही. आणि ‘अंगावरून वारे गेले’ या तीन शब्दांचा अर्थ पक्षाघात आहे. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायला साडेचार तासांची मुदत असते. अपघात विभागात रात्री दोन वाजता प्रथम भेटणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला हे तीन शब्द कळले नाहीत, तर त्या मुदतीतून किती वेळ जाईल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

परिचारिका आणि वॉर्डातले सेवक दुभाष्याचे काम करतात, म्हणून गाडा चालतो. पण क्षयाचे किंवा एचआयव्हीचे निदान, गर्भपात, दारू, घरातली मारहाण हे तिसऱ्या माणसाच्या तोंडून बोलण्याचे विषय नाहीत. स्थानिक भाषा शिकणे हा अस्मितेचा प्रश्न म्हणून आपल्याकडे राजकारणात वारंवार येतो. वॉर्डात तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तेथे त्याच्यासाठी कोणी आंदोलन करत नाही.

मोबाइलविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात गदगच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत इस्पितळाच्या आवारात रील्स चित्रित केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि त्यांच्या प्रशिक्षणाची मुदत दहा दिवसांनी वाढवण्यात आली. बातमी देशभर गाजली, कारण नाचगाण्याचे दृश्य होते. रोजच्या रोज होणारा भंग असा दिसत नाही. दुर्मीळ लक्षणाचा फोटो काढून बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो, एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव तसेच राहते, फोटोत चेहरा नसला तरी गोंदण असते. टाकणाऱ्याचा हेतू शिकण्याचाच असतो. तो फोटो पुढे कोणाकडे गेला, हे त्याला कधी कळत नाही. गोव्यासारख्या राज्यात, जिथे आडनावावरून गाव आणि गावावरून घर ओळखले जाते, तिथे नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही.

हे सारे विद्यार्थ्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांवरील ‘एटकॉम’ अभ्यासक्रम तयार केला. २०१९ च्या तुकडीपासून तो सर्वत्र लागू झाला, आणि त्यावर प्रत्येक लेखी पेपरात किमान एक प्रश्न असावा असा दंडक आला. परिणाम अपेक्षितच झाला. वाईट बातमी रुग्णाला कशी सांगावी, याची मुद्देसूद उत्तरे बाजारातल्या गाइडांत मिळू लागली. तीच उत्तरे लिहून आलेला विद्यार्थी दुपारी वॉर्डात जातो आणि वरिष्ठ डॉक्टर एका बाईला सर्वांदेखत ‘तुझ्या नवऱ्याचे काही खरे नाही’ असे उभ्याउभ्या सांगताना ऐकतो. दोन धड्यांपैकी कोणता टिकेल, हे सांगायला शिक्षणशास्त्र लागत नाही. फ्रेड्रिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय शिक्षणातील या न लिहिलेल्या अभ्यासक्रमाकडे लक्ष वेधले होते. पुढे फिलाडेल्फियाच्या जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयातील ४५६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून २००९ साली असे दिसले, की सहानुभूतीची मोजपट्टी पहिली दोन वर्षे फारशी हलत नाही. ती घसरते तिसऱ्या वर्षी. म्हणजे ज्या वर्षी विद्यार्थी रुग्णांमध्ये जाऊन पोचतो, नेमकी त्याच वर्षी.

थकव्याचाही वाटा यात मोठा आहे. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांहून अधिक आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत म्हटले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात प्रदीर्घ ड्युटीत सेमिनार खोलीत विसावलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा ३६ तासांच्या पाळ्या अमानुष असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले. मधल्या बत्तीस वर्षांत त्या कागदाचे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षीच्या आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, यावरून मूळ स्थिती कळते. त्या कृतिदलाच्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याच्या तक्रारीचे निदान झाल्याचे नोंदवले. सर्वेक्षण स्वेच्छेचे होते, त्यामुळे त्रास असलेल्यांनी अधिक संख्येने उत्तरे दिली असतील. तरीही आकडा झोप उडवणारा आहे. त्याआधी, मे २०२३ मध्ये, केरळात कोट्टारक्करा येथे पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या माणसाने एका तरुण इंटर्नचा जीव घेतला. तिची इंटर्नशिप पूर्ण व्हायची होती. जबाबदारीची भाषा बोलताना इस्पितळाने या मुलांप्रति आपली कोणती जबाबदारी पार पाडली, हेही त्याच वाक्यात यायला हवे.

इंटर्नची गोष्ट तर आणखी निराळी. त्याला शिकवायचे की त्याच्याकडून काम करून घ्यायचे, याचा निर्णय सरकारी इस्पितळांनी केव्हाच घेतला आहे. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, अहवाल आणणे, स्ट्रेचर ओढणे, डिस्चार्ज कार्ड उतरवून काढणे यांत दिवस सरतो. ही कामे हलकी नाहीत. चुकीच्या नावाची चिठ्ठी लागलेली रक्ताची बाटली जीव घेऊ शकते. पण ती कोणी तरी महत्त्वाची म्हणून शिकवलेली नसतात, हमाली म्हणून टाकलेली असतात. ज्या कामाला मान नाही, त्यात कोणी दक्ष राहत नाही.

मार्च २०२२ मध्ये आयोगाने वैद्यकीय शिक्षणाच्या आरंभी विद्यार्थ्यांना ‘महर्षी चरक शपथ’ द्यावी असे सुचवले आणि वादाला तोंड फुटले. मदुराईच्या शासकीय महाविद्यालयात ती घेतली गेली म्हणून तेथील अधिष्ठात्यांना पदावरून हटवण्यात आले, काही दिवसांनी पुन्हा नेमण्यात आले. चरक की हिपोक्रेटिस, संस्कृत की इंग्रजी, यावर शाई आटली. मूळ ग्रंथात काय आहे, याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तो उपदेश पदवी घेऊन निघालेल्या वैद्याला केलेला नाही, शिकायला आलेल्या शिष्याला केलेला आहे. रुग्णाच्या घरात शिरल्यावर मन, वाणी आणि इंद्रिये रुग्णाच्या हितावाचून दुसरीकडे जाऊ देऊ नयेत, त्या घरात पाहिलेले बाहेर सांगू नये, असे त्यात आहे. राजाची ज्यांच्यावर खप्पामर्जी आहे त्यांना औषध देऊ नये, असेही आहे, आणि ते आज कोणत्याही इस्पितळात चालणार नाही. जबाबदारी शिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, ही त्यातली धारणा मात्र आपल्या आजच्या नियमांहून स्वच्छ आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्याच्या उपनयनाचा असाच एक अध्याय आहे. शिष्याने कसे वागावे हे तेथे गुरू सांगतो आणि तसे न वागल्यास त्याची विद्या निष्फळ होईल, असे बजावतो. त्याला लागूनच गुरू स्वतःलाही बांधून घेतो: शिष्य नीट वागत असताना मी त्याच्याशी अन्यथा वागलो, तर पाप मला लागेल आणि विद्या माझी निष्फळ होईल. २०२२ च्या परिपत्रकासोबत जी शपथ महाविद्यालयांकडे आली, तीत शपथ घेणारा एकच होता, विद्यार्थी.